आमचं गुऱ्हाळ आणि वहीतला हिशेब

आमच्या गावात एका काळी अकरा गुऱ्हाळं होती. ओढ्याच्या अलीकडं सात आणि पलीकडं चार. आता दोन उरलीत. त्यातलं एक आमचं, आणि ते अजून किती वर्षं चालंल हे सांगायला ज्योतिषी नको. करवीर, पन्हाळा, कागल, कुठंही जा. उसाच्या फडाच्या कडेला पडक्या भिंती, गंजलेला पत्रा आणि काळं पडलेलं धुराडं दिसलं की समजायचं, इथं गुऱ्हाळ होतं.

मी १९७७ साली दहावी झालो आणि त्याच दिवाळीला चरकात ऊस लावायला उभा राहिलो. आमचे आबा म्हणायचे, "कॉलेजात जाऊन साहेब हुशील, पण साहेबाला दुसऱ्याच्या तालावर नाचावं लागतंय. हितं तुझा तू राजा." राजा झालो की नाही ते सोडून द्या, पण दसऱ्यापासून होळीपर्यंत आमच्या रानात रात्रंदिवस जाळ असायचा, एवढं खरं.

शहरातल्या वाचकाला गूळ म्हणजे दुकानातली पिवळी ढेप. त्यामागं काय असतं ते थोडक्यात सांगतो. ऊस सकाळी तोडायचा आणि होईल तितक्या लवकर गाळायचा. तोडलेला ऊस पडून राहिला की गूळ बिघडला. रस टाकीतनं काहिलीत यायचा. एका वेळी काहिलीत जेवढा रस कढवायचा त्याला आम्ही आदण म्हणतो. काहिलीखाली चुलवाण, आणि त्यात जाळायला त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. म्हणजे जळण विकत आणायला नको. रस तापला की रानभेंडीचं चिकट पाणी घालायचं. त्यानं घाण वर येते, ती मळी. ती झाऱ्यानं काढत राहायचं. मग रसाला फेस येतो, रंग पालटतो, मोठे मोठे बुडबुडे फुटायला लागतात. इथनं पुढं सगळं गुळव्याच्या हातात.

गुळव्या म्हणजे गूळ बनवणारा कारागीर. आमचा गुळव्या आमच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. नातं रक्ताचं नाही, काहिलीचं आहे. मामा हात गार पाण्यात बुडवतात, तोच हात उकळत्या पाकात घालून लगेच परत पाण्यात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पाण्यात बोटांनी पाकाची गोळी वळतात आणि काहिलीच्या काठावर मारतात. 'टण' असा आवाज आला की म्हणतात, "उतरवा." त्या एका शब्दावर चार माणसं धावतात. काहील उचलून पाक वाफ्यात ओततात. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ करपला, अर्धं मिनिट आधी उतरला तर तो पावसाळ्यात पाझरला. ऊस संशोधन केंद्राची माणसं सांगतात की पाक साधारण ११८ अंशाला आला की उतरवायचा. बरोबरच आहे. पण ऊस कुठल्या रानातला, पाणी गोडं का मचूळ, लागण का खोडवा, यावर ते मागंपुढं होतं, आणि ते मामांच्या बोटाला कळतं.

वाफ्यात गूळ घोटून जरा निवला की बादल्यांत भरायचा. कापड लावलेल्या बादलीतनं तीस किलोचा रवा निघतो. एका टन उसाचा ११० किलो गूळ पडला तर ठीक, १२० पडला तर उत्तम. पहिला गूळ दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जायचा. त्या दिवशी मुहूर्ताचे सौदे निघतात. ही पेठ काही आजकालची नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली, तेव्हापासून आमच्या वाडवडिलांची बैलगाडी तिकडं वळली. इथला बराचसा गूळ गुजरातला जातो. तिथले व्यापारी थंडीत घेतात, शीतगृहात ठेवतात आणि वर्षभर विकतात. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो कागद आला तेव्हा आमच्या गावात पाच गुऱ्हाळं होती. कागद आला आणि गुऱ्हाळं गेली, असं म्हणत नाही. पण नावाला मान मिळाला म्हणून नाव टिकवणारा टिकतो असं नाही, हे मात्र डोळ्यांनी बघितलं.

तोट्याचं कारण मी भाषणात सांगत नाही, वहीत मांडतो. गेल्या हंगामातला एका टनाचा हिशेब असा. गूळ ११० किलो, क्विंटलला भाव ४,००० रुपये, म्हणजे आले ४,४००. त्यातनं ऊसतोड आणि रानातनं गुऱ्हाळापर्यंतची वाहतूक ७००. गुऱ्हाळावरची मजुरी ६००. वीज, भेंडी, चुना, तेल, कापड, बारदान मिळून २००. गाडीभाडं, हमाली, तोलाई २५०. हातात राहिले २,६५०. त्याच उसाला कारखाना तोडणी-वाहतूक आपल्याकडं ठेवून तीन हजारांच्या वर देतोय. उसाला एफआरपी आहे, कायद्यानं चौदा दिवसांत पैसे द्यायचे आहेत. गुळाला हमीभाव नाही. सौद्यात ज्या दिवशी जो निघेल तो भाव. त्यात काही ठिकाणी उसापेक्षा साखर स्वस्त पडते म्हणून काहिलीत साखर ओततात. तो गूळही गूळच म्हणून विकला जातो. बाहेरचा गूळही कोल्हापुरी नावानं जातो. अशा बाजारात नुसत्या उसाचा गूळ घेऊन बसणारा माणूस म्हणजे तमाशाच्या फडात कीर्तन लावल्यासारखा.

रंगाचं आणखी एक. व्यापाऱ्याला गूळ पिवळाधमक पाहिजे. तो रंग उसात नसतो, पावडरीत असतो. नुसत्या भेंडीवर केलेला गूळ तांबूस, काळपट दिसतो. सौद्यात त्याला हात लावत नव्हते. आता पुण्या-मुंबईची माणसं 'बिनकेमिकल' म्हणून तोच काळा गूळ जादा पैसे देऊन शोधतात. पण त्यांना एक किलो, अर्धा किलो पाहिजे असतो, आणि आमच्या बादल्या तीस किलोच्या.

पैशापेक्षा मोठी अडचण माणसाची. गुऱ्हाळाला पंधरा-वीस माणसं लागतात. तोडणारे, चरकावरचे, चुलव्या, गुळव्या, वाफ्यावरचे, चिपाड वाळत घालणाऱ्या बायका. चुलव्याचं काम तर असं की थंडीतसुद्धा अंगावर बनियन ठेवता येत नाही. आता चाळिशीच्या आतला एकही गडी त्या भट्टीपुढं बसायला तयार नाही, आणि मी त्याला नाव ठेवत नाही. एमआयडीसीत आठ तासांची पाळी, डोक्यावर पंखा आणि महिन्याला पगार असेल तर आगीपुढं कोण बसंल?

एक गुऱ्हाळ थांबलं की एकटं थांबत नाही. काहिलीचा तळ गेला की लोहार यायचा. चिपाडाच्या पाट्या बुरूड विणून द्यायचा. दरवर्षी दसऱ्याच्या आधी सुतार येऊन वाफ्याची फावडी, दांडे नवे करून जायचा. रानभेंडी लावणारी एक म्हातारी होती. बांधावरची चार ओळी भेंडी गुऱ्हाळावर विकून ती वर्षाचं मीठमिरची भागवायची. यातला लोहार आता वेल्डिंग करतो, बुरडाचा मुलगा प्लॅस्टिकच्या पाट्या विकतो, सुतार फर्निचरवाल्याकडं हाताखाली जातो. म्हातारी गेली, तिच्या बांधावर आता कुणी भेंडी लावत नाही. सरकारी कागदात बंद पडलं एक गुऱ्हाळ. गावात बंद पडली पाच-सहा पोटं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळीच. आमच्याकडं दहा-पंधरा गुंठे ऊस असलेली माणसं पुष्कळ. कारखान्याच्या टोळीला एवढ्याशा तुकड्यात यायला परवडत नाही. ट्रॅक्टर आत जायला वाट नसते. टोळी शेवटी शेवटी येते, तोवर उसाला तुरे येऊन वजन घटलेलं असतं. असा माणूस गुऱ्हाळावर यायचा. "आण्णा, पोरीचं लगीन मार्गशीर्षात हाय, माझी चार आदणं काढून द्या." आम्ही पाळी मागंपुढं करून काढून द्यायचो. गूळ यार्डात गेला की त्याच्या हातात पैसे. उसाला दुसरं गिऱ्हाईक होतं म्हणून कारखान्याची माणसंही जरा वाकून बोलायची. आता आम्ही दोघं उरलो. उद्या दोघंही बंद झालो तर त्या दहा गुंठेवाल्याला ऊस घालायला एकच दार राहील, आणि एकच दार असलं की उंबऱ्यावर किती वेळ उभं राहायचं हे दारवाला ठरवतो.

औंदा आषाढात भंगारवाला आला होता. चरकाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "पावणेदोन टन भरंल. किलोवर घेतो, रोख." माझा थोरला मुलगा तिथंच होता. तो एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हिशेबाला पक्का. त्यानं संध्याकाळी माझीच वही माझ्यापुढं ठेवली.

"आण्णा, टनामागं साडेचारशे तरी कमी येतंय. दीडशे टन गाळला तर किती झाले?"

"साडेसदुसष्ट हजार."

"मग? आबांनी चालवलं म्हणून आपण तोटा किती वर्षं वाढायचा?"

त्याचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "तुझा आकडा बरोबर हाय. पण त्या वहीत दहा गुंठेवाल्याचं पान न्हाई."

"ते पान आपणच का भरायचं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्रभर विचार केला. सकाळी मामांकडं गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गुडघे धरलेत, काहिलीपुढं चार तास उभं राहवत नाही. भंगारवाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "इक बाबा, इकायचं आसंल तर. लोखंड हाय, आज ना उद्या जाणारच. पर एक हंगाम मला स्टुलावर बसून कुणाला तरी गोळी शिकवू दे. माझ्या बापानं मला तीन वर्सं काठावर नुसतं ऐकायला बसवलं हुतं. ते कानातलं घिऊन मी सरणावर जाऊ व्हय?"

मी घरी येऊन मुलाला हे जसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग कागद घेतला आणि बोलायला लागला. सूनही स्वयंपाक टाकून येऊन बसली. शेवटी असं ठरलं. पाच महिने नाही, पाडव्यापासून चाळीसच दिवस चालवायचं. आपला ऊस थोडा, बाकी दहा-पंधरा गुंठेवाल्यांचा. त्यांनी मजुरी रोख न देता गुळात द्यायची. निम्मा गूळ तीस किलोच्या रव्यात यार्डाला जाईल. निम्मा पावडर न घालता एक किलोच्या साच्यात, तो सूनबाई तिच्या ओळखीनं शहरात देणार. साचे तिनं आत्ताच बघून ठेवलेत. आणि मामांच्या स्टुलाशेजारी आमचा पुतण्या बसणार. तो दोन वर्षं भरतीची तयारी करून घरी आलाय. त्याला रोज हजेरी द्यायची, शिकण्याचीसुद्धा.

मुलानं एक अट घातली. चाळीस दिवसांनी वही पुन्हा उघडायची. टनामागं कारखान्याएवढं तरी सुटलं तर पुढं बघू. नाही सुटलं तर भंगारवाल्याला फोन तो स्वतः करणार आणि मी मध्ये पडायचं नाही. मी कबूल केलंय. पान लावून, सुपारी फोडून कबूल केलंय, म्हणजे आता फिरता येणार नाही.

तुमच्यापैकी कुणी गूळ घ्यायला दुकानात उभं राहिलंत तर एवढंच करा. ढेप किती पिवळी आहे ते बघू नका. कुठल्या गुऱ्हाळाचा, कधी काढलेला, एवढं दुकानदाराला विचारा. त्याला सांगता येणार नाही कदाचित. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याला सांगावं लागेल म्हणून तो व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी यार्डात विचारील, आणि विचारत विचारत कुणीतरी आमच्या ओढ्यापर्यंत येईल.

सध्या चुलवाण लिंपून झालंय. काहिलीला एक ठिगळ मारायचं आहे. लोहाराच्या पोराला सांगितलंय, तो रविवारी वेल्डिंगचं मशीन घेऊन येतो म्हणालाय.