रेहेकुरीचा माळ आणि आमचे खड्डे

जंगल म्हणजे झाडं, आणि झाडं नसलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, या मताचा मी पन्नाशी उलटेपर्यंत होतो. आता नाही. हे मत कुणाच्या भाषणाने बदललं नाही. बदललं ते कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यामुळे, आणि तेही पहिल्या भेटीत नाही. पहिल्या भेटीत मी चक्क वैतागलो होतो.

मी जालन्याचा, मस्तगड भागातला. १७२५ साली काबिलखानाने बांधलेल्या गढीच्या सावलीत वाढलो आणि पोट भरलं बियाण्यांच्या धंद्यावर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली आणि पुढे गावभर बियाण्यांचा पसारा वाढला. अशा गावात जमिनीला एकच प्रश्न विचारतात: एकरी किती? त्या हिशेबात माळाची किंमत शून्य. म्हणून मृगाच्या तोंडावर टेकडीवर खड्डे घ्यायची मोहीम निघाली की मी पुढे. ग्लिरिसिडिया लावला, सुबाभूळ लावली. जगलं तेवढं हिरवं दिसायचं, आणि हिरवं दिसलं की आम्ही खूश.

‘खरं जंगल’ बघायला आम्ही गौताळ्याला जायचो. कन्नडजवळचं हे अभयारण्य १९८६ चं, अडीचशे चौरस किलोमीटरच्या वरचं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे तुटलेले कडे, पितळखोऱ्याच्या लेण्यांशेजारी कोसळणारं पाणी, सीतान्हाणी, पायवाटा. बघितल्याचं सार्थक होतं तिथे. त्यामुळे बीड-आष्टीवरून एवढा प्रवास करून रेहेकुरीला उतरलो आणि समोर काय, तर हिवराची, बाभळीची चार काटेरी झाडं आणि वाळलेलं गवत! जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं क्षेत्र. १९८० मध्ये याला अभयारण्य का केलं असेल, असं मी मोठ्यानेच म्हणालो.

सोबतच्या वनमजुराने ते ऐकलं. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, “दादा, झाडी दाटली की हरिण ऱ्हात नाही. त्याला लांबचं दिसाया पाहिजे.”

या एका वाक्यावर मी घरी येऊन बराच विचार केला. काळवीट लपून जगणारं जनावर नाही. डोळे आणि पाय, एवढंच त्याचं भांडवल. लांडगा दुरून दिसला तरच पळता येतं, आणि पळायला मोकळी जागा लागते. पुढच्या खेपेला पहाटे पोचलो. एक काळाभोर नर आपल्या हद्दीत उभा होता. त्याची हद्द म्हणजे ठरावीक जागी टाकलेल्या लेंड्यांचे ढीग, आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीतला स्राव काड्यांना घासून ठेवलेल्या खुणा. माद्या तांबूस, बिनशिंगांच्या. नवजात पाडस आई गवतात दडवून ठेवते, ते हालचाल न करता पडून राहतं. म्हणजे ज्या गवताला मी ‘काहीच नाही’ म्हणत होतो, त्याच्या उंचीवर एका जिवाचं जगणं अवलंबून. धाविक पक्षी पावलापुढे पळत होते. चंडोल तर सगळीकडे.

मग वाचायला लागलो. मारवेल, पवना, कुसळ ही गवतं वर वाळून जातात, पण त्यांचा मोठा कारभार जमिनीखाली चालतो. मुळं जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. धंद्यातला माणूस असल्याने हे मला लगेच पटलं: मुद्दल पुरलेलं, वर दिसतं ते फक्त व्याज. अशा जागी खड्डा घेणं म्हणजे मुद्दल खणून काढणं. सरकारी नकाशांतही असे माळ वर्षानुवर्षे पडीक म्हणूनच रंगवले गेले. अशाच माळावर, सोलापूरजवळच्या नान्नजला, १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. आज तो तिथे जवळपास दिसेनासा झाला आहे.

पण मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझा एक लाडका युक्तिवाद होता: पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, माणसाने तोडलं, आपण ते परत आणतोय. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये पश्चिम महाराष्ट्राबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, लोकगीतं आणि कथा चाळल्या आणि त्यांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. बहुतेक उल्लेख निघाले उघड्या, काटेरी माळावरच्या वनस्पतींचे, आणि तेही निदान साडेसातशे वर्षांपासूनचे. ओव्या आणि धनगरी गाणी आपण ऐकतो, आणि त्यांतली बाभूळ कुठे उभी आहे हे विचारत नाही. तोडलेल्या अरण्याची माझी गोष्ट त्या माळांपुरती तरी तिथेच संपली.

मत सगळं बदललं असं मात्र म्हणणार नाही. मी शेतकऱ्यांमध्ये वावरतो. रात्रीतून हरभऱ्याचा शेंडा खुडून नेणारा हरणांचा कळप, रोही, रानडुकरं हे आमच्याकडचं रोजचं रडगाणं आहे. रेहेकुरीची हरणंही कुंपण मानत नाहीत. एवढ्याशा क्षेत्रात त्यांचं भागणार कसं? नुकसानभरपाईच्या अर्जासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला माळाचं महत्त्व सांगायला माझी जीभ रेटत नाही. उलट मला वाटतं, गावोगावचे माळ राखले असते, त्यांवर बाहेरची झाडं नि प्लॉट पडले नसते, तर कळप पिकांत एवढे उतरले नसते. याला माझ्याकडे आकडा नाही, हा अंदाज आहे.

यंदाच्या वृक्षारोपणाच्या बैठकीत मी म्हणालो, रोपं कुंडलिकेच्या काठी आणि रस्त्याकडेला लावू, टेकडी सोडा. “मग टेकडीवर काय ठेवायचं?” “गवत,” मी म्हटलं. हशा झाला. एक जुना मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. फलक छापून झाला होता, त्यावर टेकडीचाच फोटो होता. शेवटी निम्मी टेकडी यंदा तशीच ठेवायची, एवढं ठरलं. तिथे चराई कधी थांबवायची आणि कापणी कधी, हे विचारायला मेंढपाळांपैकी मात्र बैठकीत कुणीच नव्हतं. पुढच्या बैठकीला त्यांना बोलवायचं काम माझ्याकडे आलं आहे.