वावरांत सांडलेली थंडी

बार्शीटाकळी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेवीस अंशांवर आहे. मे महिन्याच्या २३ तारखेच्या आसपास तेथें भर दुपारीं सूर्य अगदीं माथ्यावर येतो आणि अंगणांतल्या खांबाची सावली त्याच्याच पायाखालीं नाहींशी होते. वऱ्हाडचें ऊन ज्यानें सोसलें आहे, त्यास एवढ्या उष्णतेचें पुढें होतें काय, हा प्रश्न पडल्यावांचून राहात नाहीं. वर्षाचा हिशेब असा कीं, दोन्ही गोलार्धांत सुमारें ३५ अंशांपर्यंतचा पट्टा सूर्यापासून जितकें घेतो, तितकें अवकाशांत परत टाकीत नाहीं. त्यापलीकडील प्रदेशांत मिळकतीहून खर्च अधिक. ही तूट भरून निघते, ती वारे आणि समुद्रप्रवाह आपली शिल्लक ध्रुवांकडे वाहून नेतात म्हणून.

वर्गांत आम्ही ही कथा हॅडलेपासून सुरू करीत आलों. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवाकडे निघते, वाटेंत खालीं उतरते आणि जमिनीलगत परत येते, असें त्यानें १७३५ सालीं मांडलें. हिवाळ्यांत वऱ्हाडावर जें स्वच्छ, कोरडें आकाश असतें, तें बव्हंशीं या उतरत्या हवेचेंच देणें.

पण हवा नुसती उष्णताच नेत नाहीं, पृथ्वीच्या फिरण्याची गतिहि नेते. खळ्यांत मेढीभोवतीं बैलांची पात फिरतांना ज्यानें पाहिली आहे, त्यास हें चटकन् उमगेल. कडेच्या बैलास मोठा फेरा, म्हणून त्याची चाल भरभर. तो त्याच चालीनें मेढीकडे सरकला तर आंतल्या बैलाच्या पुढें जाणारच. हवेचें याहूनहि पुढें जातें: दोरीस बांधलेला दगड फिरवीत दोरी आंखडली कीं त्याचा वेग वाढतो, तसा आंसाजवळ येतांना तिचाहि वाढतो. या हिशेबानें विषुववृत्तावरून निघालेली हवा ३० अंशांवर पोंचतांना पूर्वेकडे ताशीं ४८० किलोमीटरांच्या वेगानें धांवावयास हवी. दहाबारा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह धांवतो खरा, पण सरासरीनें त्याच्या निम्म्यानेंहि नाहीं.

उरलेली गति जाते कोठें? ती मोठमोठ्या लाटा आणि भोवरे पुढें उत्तरेस नेतात. जेफ्रीस यानें १९२६ सालीं भोंवऱ्यांकडे बोट दाखविलें. पुढें कॅलिफोर्नियांत बियर्क्‌नेस यांच्याजवळ राहून या अभिसरणाच्या अभ्यासांत भाग घेणारे पिशारोटी हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक झाले. लाटेंतला उत्तरेस जाणारा वारा पूर्वेकडील गति अधिक नेतो, दक्षिणेस येणारा कमी आणतो; शिवाय जातांना ऊब नेतो, येतांना गारवा आणतो. आम्ही मात्र वर्षानुवर्षें या लाटांस मुख्य कथेंतलें उपकथानक समजत होतों. परीक्षेंतहि त्यांवर दोनच गुणांचा प्रश्न असे!

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांत गारांनीं थैमान घातलें. त्या दिवसांत आम्ही बार्शीटाकळीस आतेभावाकडे होतों. पश्चिमी वाऱ्यांची लाट नेहमींपेक्षां दक्षिणेस उतरली होती. वर थंड हवा, खालीं समुद्रावरून आलेली दमट, तापलेली हवा. दुपारीं चारच्या सुमारास आभाळ काळवंडलें, आणि पाऊण तासांत काढणीस आलेला हरभरा जमीनदोस्त झाला. गहूं आडवा पडला होता. बांधावर गारांचा खच होता.

सांजवेळीं दादाच्या शेजारीं उभें राहून आम्हीं त्यास सारें समजावून सांगितलें: ही लाट म्हणजे वातावरणाचा बिघाड नव्हे, हीच त्याची वाहतूक, तिनें ऊब उत्तरेस पोंचविली नाहीं, तर तिकडे माणसाला राहणें कठीण होईल. त्यानें मुकाट्यानें ऐकून घेतलें.

"हे सारं खरं असन, भाऊ," तो म्हणाला, "पण तिकडची थंडी आमच्याच वावरात काऊन सांडते?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यानें हरभऱ्याचें एक झाड उपटलें, त्यावरचे घाटे मोजले. दोन उरले होते. तें झाड त्यानें बांधावर ठेवलें आणि पंचनाम्यास तलाठी उद्यां येईल कीं परवां, हें विचारावयास तो गांवाकडे वळला.