गुडघ्याचा फोटो

चाळिशीपर्यंत आपल्याला गुडघे आहेत हे माणसाच्या गावीही नसतं. पन्नाशीला ते कुरकुरू लागतात आणि साठीनंतर घरात फक्त त्यांचंच चालतं. आपलं चालणं बंद!

आमच्या धाराशिवात गुडघा दुखतो म्हटलं, की समोरचा विचारतो, "फोटो काढला का?" फोटो म्हणजे एक्स-रे. १८९५ साली राँटगेनसाहेबांनी हे किरण शोधले आणि पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी. आमच्या मंडळींनी आधी अंगठीच पाहिली असती!

माझा आणि आईचा फोटो एकाच दिवशी निघाला. दोन्ही फिल्म अख्ख्या गल्लीने उन्हात धरून पाहिल्या. "ग्याप कमी झालीय," असा निकाल एकमताने लागला. गंमत अशी, की हाडांवरची कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही. ती किती उरली, हे मधल्या मोकळ्या जागेवरून ताडायचं. म्हणून तर तो फोटो उभं करून काढतात. अंगावर ओझं पडल्याशिवाय गुडघाही खरं बोलत नाही.

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सोलापूरला जाऊन एमआरआय काढायचा हुकूम सोडला. वर युरिक अ‍ॅसिड आणि आरए फॅक्टर! एमआरआयचं लोहचुंबक कूर्चा, गादी, लिगामेंट सगळं दाखवतं खरं. पण उतारवयात न दुखणाऱ्या गुडघ्यातही त्याला फाटकंतुटकं सापडतं. आरए फॅक्टर तर धडधाकट माणसाच्या रक्तातही कधीकधी निघतो.

डॉक्टरांनी फिल्म पाहून बाजूला ठेवली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजी, सकाळी किती वेळ आखडल्यासारखं वाटतं?"

"चहा उकळेपर्यंत."

तासभर आखडलं असतं, तर रक्त तपासलं असतं म्हणाले. ही वयाची झीज.

"चढताना जास्त दुखतं की उतरताना?"

आई गप्प झाली. तुळजापूरला देवीपुढे जायचं, तर पायऱ्या उतराव्या लागतात. दोन वर्षं ती गेली नव्हती. विचारलं, की गर्दीचं नाव सांगायची.

फोटोत जास्त झिजलेला गुडघा माझा. दुखत होता तिचा. डॉक्टरांनी मांड्यांचे व्यायाम दिले. चार महिन्यांनी कठड्याला धरून, एकेका पायरीला थांबत ती देवीपर्यंत उतरली.

मास्तरांना मात्र चुटपुट. "पण एमआरआय राहिलाच की हो!"

आई म्हणाली, "देवीचा फोटो काय आमच्या देव्हाऱ्यात नाही, मास्तर? तरी तुळजापूरला जावंच लागलं ना!"