सोप्याची जागा

नकाशा पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी जेवणं उशिरा झाली. साताऱ्याबाहेर घेतलेली तीन गुंठे जागा, म्हणजे ३,२६७ चौरस फूट. नियमानं सोडायचं अंतर चारी बाजूंनी सोडून तिच्यात २८ बाय ४०चं दुमजली घर बसवलेलं. दोघा भावांचं, त्यांच्या लेकरांचं आणि आईंचं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. या हिशेबानं आईंची १० बाय १२ची खोली काड्यापेटीहूनही लहान दिसत होती. दार म्हणजे पाव वर्तुळ, खिडकी म्हणजे भिंतीतल्या दोन बारीक रेघा, जिना म्हणजे कंगवा.

माणूस नकाशात आधी स्वतःला शोधतो. धाकट्या जावेनं तिच्या खोलीतली कपाटाची भिंत शोधली. मुलांनी खिडकीकडेला कोण झोपणार यावरून भांडण काढलं. भाऊजींनी गाडी कुठं उभी राहणार ते पाहिलं. मी ओट्यावर बोट ठेवून उभी होते. आईंना चष्मा लावूनही त्या रेघांचा माग लागेना. त्यांनी कागदावर तळहात टेकवला आणि विचारलं, “ह्यात सोपा कुठाय गं?”

माझ्या लेकीनं हॉलमधल्या सोफ्याच्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा काय, आजी.”

“त्यो न्हवं,” आई म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

आमचं जुनं घर वाईजवळच्या गावात, पांढरीत आहे. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही आमच्याकडची बोली. घराच्या भिंती त्या पांढरीच्याच मातीच्या, दीड हात रुंद. खाली काळ्या दगडाचं जोतं. दिंडीतून आत आलं की लहानसं अंगण, अंगणाला लागून सोपा, सोप्यामागं माजघर, मग चुलीचं घर आणि मागं परडं. त्या घरात एकही खोली कुणाच्या नावाची नव्हती. देवघर देवाचं, कोठीची खोली धान्याची आणि बाळंतिणीची खोली जी लेक माहेरी आली असेल तिची. ती सव्वा महिन्यानं उठली की तिथं पुन्हा लोणच्याच्या बरण्या जायच्या.

सोप्याला तर तेवढंही नाव नव्हतं. पुढच्या बाजूला भिंत नाही, नुसते लाकडी खांब. शेंगांच्या दिवसांत तिथं शेंगांचा ढीग पडायचा आणि सगळ्या बायका त्याच्याभोवती बसून फोडायच्या. पाऊस लागला की वाळवण आत ओढून आणायचं ते सोप्यातच. सोयरीक जुळवायला आलेली माणसं तिथं बसायची, उन्हाळ्यात मुलं तिथं ओळीनं झोपायची, रुसलेला माणूसही तिथंच येऊन बसायचा, कारण तिथं त्याला एकटंही राहता यायचं आणि घरातही. डावीकडून दुसऱ्या खांबाचं लाकूड खालून हातभर उंचीपर्यंत गुळगुळीत झालं होतं. तीन पिढ्यांच्या पाठींनी ते घासलं होतं. मी नवी नवरी असताना मला त्या घरातली पहिली ओळखीची वस्तू कुठली झाली असेल, तर तो खांब.

आण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, शेवटचं आजारपण त्या सोप्यातच झालं. माजघरात अंधार म्हणून त्यांची कॉट बाहेर आणली आणि ती पुढं आठ महिने तिथंच राहिली. दूध घालायला आलेला मुलगा कॉटपाशी थांबायचा. शाळेला निघालेली पोरं ‘आण्णा, जातो’ म्हणून ओरडायची. शेतावरून येणारा माणूस जोत्यावर टेकून पाऊसपाण्याचं सांगायचा, आणि आण्णा डोळे मिटूनच विचारायचे, “वाफसा आलाय का?” त्यांना भेटायला म्हणून कुणाला मुद्दाम यावं लागलं नाही. सगळं गाव जाता-येता भेटलं. आता समोरच्या नकाशात आईंची खोली पार मागं, नैऋत्येच्या कोपऱ्यात होती. तिथं जायचं तर हॉल ओलांडायचा, बोळातून वळायचं आणि बंद दारावर टकटक करायची. पुढं कधी त्या अंथरुणाला खिळल्या, तर त्यांच्याकडे कोण जाता-येता डोकावणार होतं?

आर्किटेक्ट मुलगी फार मन लावून काम करणारी. ती मला म्हणाली, “काकू, एक फूटसुद्धा वाया घालवलेला नाही.” तिचं म्हणणं खरं होतं. प्रत्येक चौकोनाला मालक होता. ही थोरल्यांची खोली, ही धाकट्यांची, ही मुलांची. जे मालकाविना उरलं होतं त्यावर सोफा, टीव्ही आणि जेवणाचं टेबल काढलेलं होतं. कुणाचीच नसलेली, कशाचीच नसलेली अशी हातभर जागा त्या घरात नव्हती. वाया म्हणजे काय, या शब्दापाशीच आमचं घोडं अडलं. मी तिला आण्णांची कॉट सांगितली. ती ऐकत राहिली आणि तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचे तीन आठवडे तो नकाशा आमच्या जेवणाच्या ताटांमध्ये होता. पुठ्ठ्याचे तुकडे त्याच मापात कापून मी पलंग, कपाट, शिवणयंत्र, गव्हाची कोठी असं सगळं केलं आणि खोल्याखोल्यांतून सरकवून पाहिलं. तेव्हा कळलं, की कपाट जिथं छान बसतं तिथं त्याचं दार उघडलं की पलंगाला लागतं. घर वस्तूंच्या मापाचं काढून चालत नाही. उघडणाऱ्या दाराला, वाकणाऱ्या माणसाला आणि केर काढणाऱ्या हातालाही जागा लागते.

उन्हाचं मला पूर्वी काहीच ठाऊक नव्हतं, ते या दिवसांत शिकले. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात भरदुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला तो चक्क आपल्या उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेला इतका कलतो, की ऐन दुपारीही ४९ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा दिला, की उन्हाळ्यात दुपारचं ऊन बाहेरच थांबतं आणि थंडीत छज्ज्याखालून आत येऊन अंथरुणावर पडतं. आईंचे गुडघे थंडीत धरतात. त्यांच्या खोलीला दक्षिणेची खिडकी हवीच, हे त्या दिवशीच ठरलं. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि निम्म्या रात्रीपर्यंत ती ऊब आत सोडत राहते. जमेल तेवढं न्हाणीघर आणि जिना तिकडे सारले. तिथं कुणी झोपत नाही.

जिना मी स्वतः मोजला. दहा फूट चढायचे, १८ पायऱ्या, म्हणजे एकेक पायरी पावणेसात इंचांच्या आतच. पाऊल ठेवायला दहा इंच. गावाकडच्या माळ्याच्या शिडीवरून मी गरोदरपणात एकदा घसरले होते. तेव्हापासून पायरीच्या उंचीबद्दल मला कुणी ‘चालतंय’ म्हटलेलं खपत नाही. ओट्याचंही तसंच. साधारण ३४ इंचांचा ओटा करतात. मी चार फूट अकरा इंच, जाऊ माझ्याहून अर्धा फूट उंच. आम्ही दोघी एका दुपारी टेबलाखाली विटा आणि वह्या सारत पोळपाट ठेवून पोळ्या लाटून पाहिल्या. शेवटी शेगडीचा भाग ३२चा आणि भांड्यांकडचा ३४चा, असा दोन इंचांचा टप्पा ठरला. आणि उंबरा. आतल्या दारांना एकालाही उंबरा नको, पुढंमागं चाकाची खुर्ची फिरवायची वेळ आली तर अडायला नको, हे आर्किटेक्ट मुलीचं म्हणणं आम्हाला पटलं. पण मोठ्या दाराचा उंबरा आईंनी सोडला नाही. “सुना माप कशावरनं लवंडणार?” त्यांनी विचारलं. तो लाकडी उंबरा राहिला.

चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला उभारलेली घरांची वसाहत मी कॉलेजात असताना पाहिली होती. इतक्या वर्षांनी ती या काळात पुन्हापुन्हा आठवली. लहान लहान प्लॉट, अगदी ४५ चौरस मीटरपासूनचे. पण प्रत्येक घर आपापल्या भिंतींवर उभं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं आपलं घर वाढवावं. आणि सात-सात घरांच्या मधे एक मोकळा चौक. वर आभाळ असलेल्या जागेलाही कोरिया घराचीच जागा समजत. ज्यांना एकेक फूट महाग होता अशा माणसांसाठी घरं काढतानाही त्यांनी तो चौक वाया गेलेला मानला नाही, हे मी त्या मुलीला सांगितलं. तिला ती वसाहत माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. “पण काकू, तो चौक सात घरांचा आहे,” ती म्हणाली. “आमच्यातही चार घरं आहेत,” मी म्हटलं. आमच्यात चार घरं आहेत, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

मंजुरीला पाठवण्याआधी एकदा जमिनीवर आखून पाहू या, असं तिनंच सुचवलं. रविवारी सकाळी मिस्त्री दोरी, खुंट्या आणि फक्कीची पिशवी घेऊन आले. एका दोरीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, आणि दोन्ही खुणांमधलं तिरकस अंतर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात. वही नाही, पेन्सिल नाही. दोरीवरून चिमटीनं फक्की सोडत ते उलटं चालत गेले आणि मागं पांढरी रेघ उमटत गेली. तासाभरात वाळक्या गवतात आमचं घर पडलं होतं, आणि ते पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. एवढंसं? हॉलमध्ये चार माणसं उभी राहिली तरी भरून गेल्यासारखं वाटत होतं. “वैनी, आभाळाखाली खोली ल्हानच दिसती,” मिस्त्री म्हणाले. “भिती उठल्या, की मोठी हुती.” मी पुढं तेच अनुभवलं. डोक्यावर काही नसलं, की डोळा सगळ्या माळाशी तुलना करतो.

आईंसाठी गाडीतली प्लॅस्टिकची खुर्ची काढून त्यांच्या मागच्या खोलीत ठेवली. त्या बसल्या. पूर्वेला, जिथं फाटक येणार होतं, तिकडं त्यांनी मान वळवली, मग खुर्चीतूनच पुढं वाकून पाहिलं. मधल्या भिंती नव्हत्याच, सगळा रस्ता उघडा दिसत होता. तरी त्या म्हणाल्या, “हितनं दार दिसत न्हाई.” रेघा त्यांना आता नीट कळत होत्या. कुठं भिंत येणार आणि कुणाचं येणं तिच्याआड जाणार, हे त्यांनी बसल्या जागी ओळखलं होतं.

कुणी काहीच बोललं नाही. मग नवरा खुर्ची उचलून पुढं आला आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात, जिथं स्वयंपाकघर होतं, तिथं ठेवली. “इथं बस बरं.” पुढची रुंदी २८ फूट. आईंची खोली १२ फुटांची आडवी बसली, की उरतात १६. हे सोळा फूट मी किती दिवस मनात मोजत होते. “आणि इथं सोपा,” मी म्हटलं. सात फूट खोल हवा होता. हॉलमधले चार फूट गेले, ते सगळ्यांचेच होते. उरलेले तीन गाडीच्या छपरातून घ्यावे लागणार होते. भाऊजी थोडा वेळ रेघेपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “गाडीला कव्हर घालू.” त्यांची नवी गाडी, दोन वर्षांचे हप्ते अजून बाकी असलेली. हे मी कधी विसरणार नाही. स्वयंपाकघर आईंच्या खोलीमागं सरकलं, शेगडी त्याच्या आग्नेय कोपऱ्यात राहिली, तेव्हा वास्तूचंही भाऊजींच्या मनासारखं झालं. आईंच्या खोलीचं दार बोळात नाही, सोप्यात उघडणार.

मिस्त्रींनी चपलेच्या टाचेनं जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली. मुलगी कागदावर काहीतरी झरझर उतरवत होती. मधेच तिनं मान वर करून विचारलं, “खांब किती देऊ?” आई म्हणाल्या, “चार. अन् त्यातला एक लाकडाचा घ्या. गावाकडचा आणू.” जुन्या घराची मागची बाजू गेल्या पावसात बसली आहे. तो खांब अजून उभा आहे.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच रेंगाळलो. मुलं रेघांवर तोल सांभाळत पळत होती. जाऊ आपल्या खोलीत उभी राहून फोनवर बहिणीला ते घर सांगत होती. आई खुर्ची सोप्यात ओढून बसल्या होत्या. शेजारच्या प्लॉटवर चार वर्षांपूर्वी राहायला आलेले एक म्हातारे गृहस्थ फिरायला निघाले होते. आमची गडबड पाहून ते वळले. समोरून सरळ आत येता आलं असतं, पण फक्कीची रेघ पाहून ते थबकले. रेघेच्या कडेनं चालत, जिथं दोन हातांची फट सोडली होती तिथं आले. चपला बाहेर काढल्या, आणि सोप्यात येऊन गवतात मांडी घालून बसले.

“कोण गाव तुमचं?” आईंनी विचारलं.