नारायण दरवाज्यापासून जिल्हा न्यायालयापर्यंत

शनिवारवाड्यात येणारे बहुतेक जण दिल्ली दरवाज्यापाशी रेंगाळतात. हत्तीची धडक अडवण्यासाठी ठोकलेले ते अणकुचीदार खिळे पाहतात, आत १८२८ च्या आगीतून उरलेल्या दगडी जोत्यांवरून फिरतात आणि परततात. दक्षिणेच्या नारायण दरवाज्याकडे फारसे कोणी वळत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी या वाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला तोडले आणि त्याचे प्रेत याच दरवाज्याने बाहेर काढले, असे सांगतात. लोकांच्या तोंडी आहे ती त्याची किंकाळी. खरे तर या वाड्याची सर्वांत मोठी गोष्ट खुनानंतर सुरू होते, आणि ती एका न्यायाधीशाची आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे काशीला शिकून आले आणि १७५९ मध्ये पुण्याचे न्यायाधीश झाले. या खुनाचा तपास करून त्यांनी गादीवर बसलेल्या रघुनाथरावालाच, म्हणजे नारायणरावाच्या चुलत्यालाच, दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले.

हा प्रसंग पुढे रंगवलेला आहे, असे कोणी म्हणेल. संवाद रंगले असतील. प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने ते घरोघरी नेले. पण इतिहासकार ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिगत नोंदवली, तेव्हा शास्त्रीबोवांना जाऊन चाळीसही वर्षे झाली नव्हती. दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त काही ते घरात ठेवत नसत, हेही तो लिहितो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: निकाल अमलात आलाच नाही, मग उपयोग काय? न्यायाधीशाच्या हाती फौज नसते. त्याच्या हाती असते ते आपले नाव, आणि रामशास्त्र्यांनी ते खुन्याच्या राज्याला वापरू दिले नाही. बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, रघुनाथरावाला दूर सारल्यावरच ते परतले. त्या काळी जात पाहून दंड ठरे, हे झाकायचे कारण नाही. त्या न्यायव्यवस्थेची आरती ओवाळायचीही गरज नाही. पण सत्ताधीशाच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगणे हे त्या व्यवस्थेपेक्षा मोठे होते. १७८९ मध्ये ते वारले.

वाडा पाहून झाला की नारायण दरवाज्यापाशी जरूर थांबा. मग नव्या पुलावरून मुठा ओलांडून शिवाजीनगरला चालत जा. कामगार पुतळ्याजवळ पुण्याचे जिल्हा न्यायालय आहे, आणि तिथे आजही रोज पुकारा होतो.