चौक आधी, त्रिकोण नंतर

वारली माणूस काढायला शिकवणं फार सोपं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे करायचे, वर गोल डोकं, बाजूंना हात, खाली पाय. पाचवीतलं मूल तो पाच मिनिटांत काढतं, मग त्याच्या हाती ढोल देतं, शेजारी ताडाचं झाड उभं करतं आणि तास संपायच्या आत कागद भरून मोकळं होतं. स्नेहसंमेलनाच्या कमानीला नक्षी मिळते, पालकही खूश होतात. बहुतेक शाळांत वारली चित्रकला येते ती अशी आणि जातेही अशीच. ठाण्या-मुंबईच्या शाळांत आदिवासी संस्कृतीची ओळख करून देणारे वर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी त्रिकोण निघत नाही.

पहिल्या दिवशी असतो लग्नचौक, म्हणजे वारली लग्नात घराच्या भिंतीवर काढतात तो चौक, आणि तो मी शिकवत नाही. डहाणूकडच्या एका पाड्यावरून माझ्या जुन्या सहकारी येतात. त्यांच्या आजीनं, आईनं गावातल्या लग्नांत चौक लिहिले, त्यांनीही लिहिले. त्या फळ्याजवळ उभ्या राहतात, मी मागच्या बाकावर मुलांबरोबर बसते. शाळेतल्या इतर शिक्षिकांना मुलं बाई म्हणतात, तसं त्यांनाही बाईच म्हणायचं, हे आधीच सांगितलेलं असतं.

शेणामातीनं सारवून गेरू लावलेला प्लायचा मोठा तुकडा भिंतीला टेकवून ठेवतो. तांदूळ भिजवून, वाटून, पाणी घालून पातळ केलेला. कुंचला म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. बाई आधी कड धरतात. पट्टी नाही, पेन्सिल नाही. एक रेघ, तिला लागून दुसरी, मग मधल्या जागेत बारीक नक्षी. मुलांना वाटतं, काही उमटतच नाही. ओलं पीठ गेरूवर जेमतेम दिसतं, पाण्याचा ओघळ असावा तसं. मुलांच्या हाती काडी गेली की ती त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि रेघ फुगून बसते. बाई हात धरतात. "थांब, वाळू दे." दोन-तीन मिनिटांत पाणी उडतं आणि पांढरं वर येतं. त्या दोन-तीन मिनिटांत वर्ग गप्प होतो आणि मग प्रश्न सुरू होतात. वर्ग खऱ्या अर्थानं तिथून पुढे चालतो.

मधल्या चौकटीत कोण आहे? पालघट देवी. सगळं उगवतं, वाढतं ते तिच्यामुळे. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर कोण? पंचशिऱ्या देव. हे कुणी काढायचं? सवाशिणींनी. काढताना गातं कोण? धवलेरी. आणि लग्न लावतं कोण? तीच. इथे मुलांच्या भुवया वर जातात. बाई लग्न लावते? सातवीतल्या एका मुलीनं हा प्रश्न विचारून वर लगेच विचारलं होतं, "मग आमच्याकडे का नाही?" मी उत्तर दिलं नाही. तो प्रश्न तिनं घरी न्यावा, हेच मला हवं होतं. दुसऱ्याचं जग समजून घेताना मूल आपल्या घराकडे नव्यानं पाहायला लागलं, तर कार्यक्रम अंगी लागला असं मी मानते.

चौकाशिवाय लग्न नाही, हे एकदा कळलं की त्रिकोणाची घाई उरत नाही. मग सांगता येतं की हे चित्र मुळात भिंतीवरचं, लग्नापुरतं, बायकांच्या हातचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे रोजच चित्र काढू लागले आणि सुगी, मासेमारी, नाच, गोष्टी असं सगळं त्यांच्या कागदावर आलं. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले. ही परंपरा जिवंत माणसांची आहे, त्या माणसांनी ती बदलली, हे मुलांना कळायलाच हवं. 'हजारो वर्षं जशीच्या तशी' हे वाक्य मी वर्गात येऊ देत नाही. त्या वाक्यानं समोर उभ्या असलेल्या बाई, त्यांचा मोबाइल आणि त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण हे सगळंच खोटं ठरतं.

दुसऱ्या आठवड्याला लग्नगडीची गोष्ट असते. ती टाळावी असं मला अनेकांनी सुचवलं आहे. मुलं लहान आहेत, आनंदाचा विषय आहे, कशाला? पण त्या भिंतीवरच्या लग्नाचं मोल वारल्यांनी कसं मोजलं, हे न सांगता चौक शिकवणं मला पटत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या शेतावर, घरी राबायचं. फिटायचे कधी? हिशेब सावकाराच्या वहीत, वाचता कुणाला येत नाही. आयुष्य सरायचं. असा बांधला गेलेला माणूस म्हणजे लग्नगडी. २३ मे १९४५ला तलासरीजवळ झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या लढ्यात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. लग्नगडीची पद्धत मोडली ती या लढ्यानं. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे, त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. मराठी शिक्षकानं ते वाचलेलं नसेल तर आदिवासींवर वर्ग घेण्याआधी वाचावं, असं मी हट्टानं सांगते.

आठवीतल्या एका मुलानं ही गोष्ट ऐकून विचारलं, "एवढं होतं तर मग लग्न करायचंच कशाला?" मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "अरे, घर नको का व्हायला? माझ्या आजीचं लग्न तसंच झालं. तिच्या चौकात कमी काही नव्हतं." एवढंच. मुलं चौकाकडे वळून पाहायला लागली. हे उत्तर माझ्या तोंडून आलं असतं तर ती एक माहिती झाली असती. म्हणून माझ्या कामातला मोठा भाग बोलण्याचा नसून वर्गात कुणाला कुठे उभं करायचं हे ठरवण्याचा आहे. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते वर्गात नसताना त्यांच्यावर तास घेणं, हे मी शक्यतो करत नाही. कुणी येऊ शकत नसेल तर तास पुढे ढकलते.

आदिवासी म्हणजे लांब डोंगरात राहणारे कुणीतरी, ही समजूतही शाळेतच पक्की होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात एक कोटी पाच लाख आदिवासी होते, म्हणजे राज्यातल्या दर अकरा माणसांमागे जवळजवळ एक. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. खुद्द मुंबईत, आरेतल्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कोकणा कुटुंबं राहतात आणि वाघबारशीला वाघदेव पूजतात. रस्त्याच्या अलीकडच्या सोसायटीत बिबळ्या दिसला की व्हॉट्सॲपवर हाकाटी होते, पलीकडच्या पाड्यात त्याचं ठाणं असतं. गोरेगावच्या मुलांना हे सांगताना नकाशा लागत नाही, वर्गाच्या खिडकीतून हिरवं दिसतंच.

आणि शेवळं ही रानभाजी. जून लागला की ठाणे, वसई, बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडाची आंबट फळं. सोलायची कशी, खालचा पिवळा दाणेदार भाग का टाकायचा, काकडं घातली नाहीत तर घसा कसा खाजतो, हे सगळं ती विकणारी बाई न कंटाळता सांगते. आमच्याकडे सीकेपी घरांत तर शेवळांवर जीव. पण ती उगवतात कुठे, पहिल्या पावसात पहाटे कोण रानात जातं, रान तोडलं तर काय होतं, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं. एका जूनमध्ये अशाच एक ताई बाजार उरकून शाळेत आल्या. टाकळा, कुर्डू, लोत, शेवळं त्यांनी टेबलावर मांडली आणि वनस्पतिशास्त्राचा एक तास घेतला. विज्ञानाच्या शिक्षिका वहीत उतरवून घेत होत्या. इतका चांगला तास मी क्वचितच पाहिला आहे.

याच्या उलट टोकाला आहे स्नेहसंमेलनातला 'आदिवासी नाच'. झाडाच्या पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात भाले, अर्थ नसलेले हुंकार. एका शाळेत माझ्या वर्गाचा समारोप म्हणून हेच बसवायचं ठरलं होतं. त्याच शाळेत दोन मुली वारली होत्या. त्यांचं आडनाव सगळ्यांना माहीत होतं, बाकी काही नाही. मी समारोप नाकारला. तारप्याचा नाच बघायचा तर तारपा वाजवणाऱ्याला बोलवा, असं कळवलं. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा असं हे वाद्य त्याच्या हातात पाहिलं, त्याचा न तुटणारा सूर ऐकला आणि वाजवणाऱ्याभोवती वळत जाणाऱ्या रांगेत हात धरून उभं राहिलं की पानांचे घागरे कुणाला सुचत नाहीत. पुढच्या वर्षी त्या शाळेनं तसं केलं. त्या दोघींपैकी एकीचे मामाच तारपा घेऊन आले.

या कामाला आपल्याकडे मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे उभं केलं, त्यात मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा अंगणात गेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणावर शाळा भरली. शिकवणाऱ्यानं चालत जायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. आदिवासी मुलांसाठी शहरातली माणसं तेव्हा चालत गेली. आता शहरातल्या मुलांना शहाणं करायला पाड्यावरची माणसं पहाटे अंधारात निघून डहाणू लोकल पकडतात, आणि त्यांना 'व्यासपीठ दिलं' म्हणून शाळा मानधनाचं नाव काढत नाहीत. हा अन्याय आहे. बाहेरून येणाऱ्या कुठल्याही व्याख्यात्याला जे पाकीट मिळतं तेच त्यांना मिळालं पाहिजे, प्रवासखर्च वेगळा. चेक तीन महिन्यांनी येणार असेल तर तसं आधी सांगायला हवं, कारण त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन, संयुक्त राष्ट्रसंघानं १९९४ साली ठरवलेला. तुमच्या शाळेत त्या दिवशी काही करायचं असेल तर जूनमध्येच जवळच्या पाड्यावर जा. काय सांगावं, काय सांगू नये, कुणी यावं, हे त्यांना ठरवू द्या. जे ठरेल त्याप्रमाणे वेळापत्रक बदला, आणि मानधन त्याच दिवशी, घरी निघायच्या आधी, त्यांच्या हातात द्या.