उभी पट्टी

माझ्या आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९४६. तिच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकांच्या दाखल्यावरही १ जून १९४६. कागदावर दोघं जुळी. प्रत्यक्षात आत्या त्यांच्यापेक्षा चांगली धाकटी. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन आला की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं. मग साल मागे मोजायचं आणि तारीख १ जून टाकायची. त्या पिढीतल्या किती माणसांचा वाढदिवस त्या एका दिवशी येतो, ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. आत्याचा हात कानाला लागला नसणार. पण काका एकटे शाळेत जाईनात, म्हणून आजोबांनी दोघांची नावं एकदमच घातली आणि गुरुजींनी दोघांना एकच तारीख दिली.

त्या तारखेनं आत्याचं आयुष्य चालवलं. नोकरीतून ती निवृत्त झाली तीही त्याच तारखेनं. "माझं खरं साल कोन्तं रं, बाला?" हे ती मला मी कॉलेजात असल्यापासून विचारत आली आहे. पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात व्हायच्या. आमचं गाव चामटोली तेव्हा कल्याण तालुक्यात होतं. ती पानं मी शोधली, पण त्या वर्षांची हाताला लागली नाहीत. आणि लागली असती, तरी मुलीचं नाव त्यात असेलच असं नव्हतं. बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी', एवढ्यावर अनेक नोंदी संपतात.

आमच्याकडे होता एक फोटो. चामटोलीच्या घराच्या ओटीवर, आरशाच्या वर तो टांगलेला असे. अंगणात माणसं उभी, मधे पाटावर आजी बसलेली, तिच्या मांडीवर कुंचीतलं तान्हं मूल. आजीला बाळाच्या मानेखाली हात धरावा लागला आहे. ते मूल म्हणजे आत्या, हे आजी स्वतः सांगायची. तिच्या पदराला धरून काका उभे. आणि डाव्या कडेला, चौकटीत अर्धी शिरलेली, एक काळी मोटार. गवताचे व्यापारी मुंबईहून यायचे, त्यांतल्या एका शेटची. मुंबईच्या तबेल्यांना आमच्या भागातून गवत जायचं, त्यामुळे आमच्यासारख्या खेड्यातही एखादी मोटार अंगणापर्यंत येऊन ठेपायची.

लहानपणी मला त्या फोटोत माणसं दिसतच नसत, मोटार दिसे. बदलापूर-कर्जत रस्त्याच्या कडेला बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचो, तेव्हा फियाट आणि अँबॅसेडर सोडून फारसं काही जात नसे. पण त्या दोघींतही वय दडलेलं असतं, हे मला मामांनी दाखवलं. मामा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीत. त्यांनी सांगितलं, फियाटचं पुढचं दार बघ. उलटं उघडत असेल, बिजागरी मागच्या बाजूला असेल, तर ती जुनी एलिगंट, सिलेक्ट किंवा सुपर सिलेक्ट. सरळ उघडत असेल तर १९६४ च्या डिलाइटपासून पुढची. अँबॅसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघाली. अंग जवळपास तेच राहिलं, पण तोंड बदलत गेलं. "माणसाचं वय डोळ्यांभोवती बघतात, गाडीचं जाळीवर," असं ते म्हणायचे. हे शिकल्यावर मी ओटीवरच्या फोटोपाशी गेलो, तर त्या मोटारीला तोंडच नव्हतं. दार, मागचं मडगार्ड आणि डिकी एवढंच दिसे. पुढचा भाग चौकटीच्या आतल्या पुठ्ठ्याखाली गेला होता. आजीनं देवासारखा जपलेला फोटो उघडून बघायची तेव्हा कुणाची प्राज्ञा नव्हती.

तो उघडला उल्हास नदीनं. २६ जुलै २०१९ च्या रात्री पाणी चढलं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे, आमच्या गावाजवळ रुळांवर अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या आणि नौदलाच्या माणसांनी सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढलं. गावातली माणसंही मदतीला धावली होती. त्या गडबडीत घरात काय भिजलं हे बघायला कुणाला सवड नव्हती. पाणी ओसरल्यावर फोटोची चौकट फुगलेली दिसली. काच सोडवली, पुठ्ठा अलगद वेगळा केला, आणि वर्षानुवर्षं झाकलेली बोटभर पट्टी उजेडात आली. तिच्यात मोटारीचं अख्खं तोंड होतं, सूर्यप्रकाश कधी न लागल्यामुळे बाकी फोटोपेक्षा ठळक.

तोंडावर झेंडूचा घसघशीत हार होता, आंब्याच्या पानांसकट. म्हणजे दसरा. मागच्या खाचरांतलं भात ओंबीवर आलेलं दिसतं, तेही त्या दिवसांना धरूनच आहे. महिना मिळाला, पण जाळीवरच हार. जी जागा वाचायची तीच झाकलेली.

तरी मोटार बोलत होती. पुढची काच दोन तुकड्यांची, मधे दांडी. पुढचं मडगार्ड नुसतं चाकावर न थांबता दारावर आलेलं. चढायला बाहेर फूटबोर्ड नाही. हारातून डोकावणारं चिन्ह शेवरोलेचं. ही सगळी लक्षणं एकत्र आली की १९४२ ते १९४८ एवढाच काळ उरतो. त्यातही फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेनं युद्धासाठी खासगी मोटारी बनवणं बंद केलं. युद्ध संपल्यावर कारखान्यांनी जुनेच साचे बाहेर काढले, त्यामुळे १९४६, ४७ आणि ४८ च्या शेवरोले बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. १९४९ ची अगदी निराळी, नव्या अंगाची. पण दरवर्षी ग्राहकाला काहीतरी नवं दिसलंच पाहिजे, असा जनरल मोटर्सचा शिरस्ता होता. १९४८ च्या मॉडेलला त्यांनी काय केलं, तर जाळीच्या आडव्या पट्ट्यांवर मधोमध एक उभी पट्टी बसवली.

आमच्या फोटोत, हार जिथे संपतो त्याच्या खाली, बोटाच्या पेराएवढी एक उभी चकाकी आहे.

ती पट्टी की हाराचा लोंबणारा दोरा, यावर माझं मन पुढे कित्येक महिने अडून होतं. मोठं करून छापलं, भिंग लावलं, तरी खात्री होईना. मग मुंबईत फोर्टमध्ये जुन्या मोटारींची रॅली होती, तिथे एक १९४८ ची शेवरोले सापडली. मालकाला फोटो दाखवला. त्यांनी आपला हार काढून तिच्या जाळीवर तसाच टाकला आणि मला आमच्या फोटोग्राफरच्या अंतरावर उभं केलं. खाली तेवढीच चकाकी उरली, त्याच जागी. त्यांचे मी किती आभार मानले ते त्यांच्या लक्षातही नसेल. त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली: ही गाडी समुद्रापार तयार होऊन आलेली असेलच असं नाही. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीत होता. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि मोटार इथे जोडली जायची. १९५४ मध्ये तो बंद झाला. आमच्या अंगणातली मोटार शिवडीतच उभी राहिली असण्याचा संभव बराच.

एवढ्यानं साल ठरत नाही. मोटार फक्त 'याच्या आधी नाही' एवढं सांगते. १९४८ ची गाडी १९५५ मध्येही फोटोत उभी राहू शकते. दुसरी बाजू माणसांनीच बंद करावी लागते. ती बंद केली आत्याच्या पाठच्या भावानं, माझ्या वडिलांनी. ते जानेवारी १९५० मध्ये कल्याणच्या दवाखान्यात जन्मले आणि त्यांचा कागद आहे. म्हणजे १९४९ च्या दसऱ्याला आजी पाच-सहा महिन्यांची गरोदर होती. तेव्हा तिच्या मांडीवर मान न धरणारं दुसरं मूल असणं शक्य नाही. १९४७ चा दसरा मोटार होऊ देत नाही, कारण ते मॉडेल तेव्हा बाजारात आलंच नव्हतं. राहतो १९४८ चा दसरा. आत्या त्या वर्षी उन्हाळ्याच्या आगेमागे जन्मली. आजी तिला नेहमी सांगायची, "कॅम्पात सिंधी आले तवा तू पोटात होतीस." कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित येऊ लागले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आजीचं वाक्य मोटारीशी तंतोतंत जुळतं. तिच्या वाक्याला इतकी वर्षं कुणी पुरावा मानलं नव्हतं, हे मला लागून राहिलं आहे. त्याच उन्हाळ्यात, १ जून १९४८ ला, पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. त्या बसची तारीख अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. आणि एका कारखान्यानं दूरदेशी एका वर्षापुरती बसवलेली लोखंडाची पट्टी आजही आपलं साल सांगू शकते. आत्याचं साल मात्र तिच्या जन्मगावी कुठे सापडत नव्हतं.

मी आत्याला सगळं सांगितलं. हार, पट्टी, वडिलांचा कागद. तिनं नीट ऐकून घेतलं, फोटोवर बोट ठेवून पट्टी पाहिली. मला वाटलं होतं ती हरखेल. ती बोटांवर मोजत होती.

"म्हंजे लग्नात मी चवदाची होते."

तिचं लग्न १९६२ च्या उन्हाळ्यातलं. दाखल्याप्रमाणे ती सोळाची. मुलीचं वय तेव्हा कायद्यानं किमान पंधरा लागे. दाखल्यावरच्या दोन खोट्या वर्षांनी ते लग्न कायदेशीर दाखवलं होतं. पहिलं बाळंतपण किती जड गेलं, हे ती आजवर आपल्या अंगाच्या कमजोरीवर घालत आली होती. "मी लहान होते," ती म्हणाली, आणि मग पुन्हा, जास्त ठाम आवाजात, "लहानच होते मी." मला तिला दुसरं काही सांगता आलं नाही. ते खरं होतं आणि ते तिला कळायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

मग तिनं फोटो पालथा घालायला सांगितला आणि मऊ पेन्सिलीनं एकेकाचं नाव लिहून घेतलं. शेवटी 'दसरा, १९४८'. आधार कार्ड बदलायचं का विचारलं, तर नको म्हणाली. घरच्या फोटोमागे असलं म्हणजे झालं.

ही बातमी गावात फिरली. गेल्या महिन्यात शेजारच्या काकू त्यांच्या सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या. त्यात मोटार नाही, जीप आहे, समोरून काढलेली. युद्धात आलेल्या लष्करी जीपच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत, नंतरच्या नागरी जीपला सात. सात निघाल्या तर फोटो युद्धानंतरचा. जाळीच्या उजव्या बाजूवर कुणाची तरी सावली पडली आहे, पण डावीकडून पहिल्या पाच फटी स्पष्ट मोजता येतात.